शस्त्रक्रियेआधी सांगितलेलं किती कामी येतं?

आधी चार आकडे.

३.६ गुण : चीनमधल्या लुओयांग शहरात हृदयशस्त्रक्रियेआधी ज्या रुग्णांना माहितीपत्रक आणि तोंडी सल्ला मिळाला, त्यांची चिंता इतरांपेक्षा इतक्या गुणांनी कमी भरली. मोजपट्टी ० ते २१ गुणांची.

२.१ गुण : त्याच रुग्णांच्या नैराश्याच्या गुणांतला फरक. मोजपट्टी तेवढीच.

३५६ रुग्ण : इंग्लंडमध्ये बायपासआधी असाच प्रयोग इतक्या जणांवर झाला. चिंता, वेदना, नैराश्य यांपैकी कशातही दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

०.५२ दिवस : शस्त्रक्रियेआधी मनाची तयारी करून घेतल्यावर रुग्णालयातला मुक्काम सरासरीने एवढा आटोपतो, असं ३६ अभ्यासांची बेरीज सांगते. तासांत सांगायचं तर साडेबारा तास.

हे आकडे शेजारीशेजारी ठेवले की कोडं पडतं. अवयव तोच, उपायही तोच, म्हणजे रुग्णाला आधी नीट समजावून सांगणं. मग एके ठिकाणी तो लागू पडतो आणि दुसरीकडे पडत नाही, हे कसं? ‘रुग्णाशी बोला हो, त्याला धीर द्या’ हे सगळेच म्हणतात. त्या धीराला आकड्यांत किती वजन आहे आणि ते कशावर ठरतं, हे पाहू.

भीती किती जणांना वाटते?

जगभरात वर्षाला सुमारे ३१ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया होतात, असा २०१२ सालासाठीचा अंदाज आहे. त्यांना सामोरं जाणाऱ्यांपैकी किती जण घाबरलेले असतात? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या देशांतल्या १४ हजारांहून अधिक रुग्णांची आकडेवारी एकत्र केली गेली. शस्त्रक्रियेआधी लक्षणीय चिंता असलेल्यांचं प्रमाण निघालं ४८ टक्के. म्हणजे वॉर्डात दहा जण उद्याच्या यादीत असतील, तर त्यातले जवळपास पाच.

ही चिंता मोजायला मोठी प्रश्नावली लागत नाही. १९९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी ३२० रुग्णांवर अभ्यास करून फक्त ६ प्रश्नांची एक पट्टी तयार केली. चार प्रश्न भीतीचे : दोन भुलीविषयी, दोन शस्त्रक्रियेविषयी. उरलेले दोन, माहिती किती हवी आहे याचे. त्या ३२० जणांपैकी ३२ टक्के चिंताग्रस्त ठरले, आणि ८० टक्क्यांहून अधिक जणांचा माहिती मिळण्याकडे कल होता. ‘उगाच सांगून घाबरवायचं कशाला’ हे वाक्य रुग्णालयांत सर्रास ऐकू येतं. निदान या रुग्णांच्या बाबतीत तरी ते त्यांच्या मनातलं नव्हतं.

हृदयाच्या रुग्णांत चिंतेच्या जोडीला उदासी येते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात बायपास झालेल्या ८१७ रुग्णांचा सरासरी ५.२ वर्षं पाठपुरावा केला गेला. निष्कर्ष २००३ मध्ये आले. शस्त्रक्रियेच्या वेळी ३८ टक्के रुग्णांत नैराश्याची लक्षणं होती : २६ टक्क्यांत सौम्य, १२ टक्क्यांत मध्यम ते तीव्र. वय, मधुमेह, हृदयाची ताकद वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्यांचा मृत्यूचा धोका नैराश्य नसलेल्यांच्या सुमारे २.४ पट भरला. उदासीमुळेच मृत्यू आला, असं या आकड्यावरून म्हणता येणार नाही. ज्याचा आजार जास्त तो जास्त खचलेला, असंही असू शकतं. पण ‘मनाचं काय, होईल हळूहळू’ म्हणून सोडून द्यावी इतकी ही बाब किरकोळ नाही, एवढं नक्की.

लुओयांगमध्ये नेमकं काय झालं?

हा प्रयोग लुओयांगच्या दोन सरकारी रुग्णालयांत झाला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयशस्त्रक्रियेची वाट पाहणारे १५३ प्रौढ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाला नेहमीची सेवा. दुसऱ्याला नेहमीची सेवा, शिवाय एक माहितीपत्रक आणि त्याच्या जोडीला तोंडी सल्ला. शस्त्रक्रियेनंतर सातव्या दिवशी दोन्ही गटांची चिंता आणि नैराश्य मोजलं. शेवटपर्यंत १३५ जण राहिले.

मोजपट्टी १९८३ पासून रुग्णालयांत वापरली जाणारी : १४ प्रश्न, सात चिंतेचे, सात नैराश्याचे, प्रत्येकी कमाल २१ गुण. ८ ते १० गुण म्हणजे सीमारेषेवर, ११ किंवा अधिक म्हणजे लक्ष द्यायलाच हवं. या पट्टीवर चिंतेतला फरक ३.६ गुणांचा आला. खरा फरक बहुधा २.५७ ते ४.६२ यांच्या दरम्यान असावा, असं गणित सांगतं. नैराश्यातला फरक २.१, त्याची मर्यादा ०.९२ ते ३.१९.

हे गुण मोठे की किरकोळ? फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासानुसार या पट्टीवर साधारण दीड गुणाचा बदल झाला की तो रुग्णाला जाणवण्याइतका धरता येतो. तो निकष इथे लावला, तर चिंतेतल्या फरकाची खालची मर्यादाही (२.५७) दीडच्या बरीच वर राहते. म्हणजे अगदी कंजूष हिशेब केला तरी फायदा जाणवण्याजोगा आहे. नैराश्याचं तसं नाही. तिथे खालची मर्यादा ०.९२, म्हणजे दीडच्या आत. फरक आहे हे खरं, पण तो प्रत्यक्षात जाणवण्याइतका आहे का, याची खात्री कमी. समजावून सांगण्याचा उतारा चिंतेवर जास्त चालतो आणि उदासीवर जरा कमी, असा याचा अर्थ. ते पटण्याजोगंही आहे. चिंता पुढे काय होणार याची असते, आणि पुढे काय होणार हे सांगता येतं. उदासीची मुळं आजारपणात, खर्चात, घरच्या परिस्थितीत पसरलेली असतात. एका पत्रकाने ती उपटली जात नाहीत.

बाकीच्या मोजमापांत काय दिसलं, तेही पाहायला हवं. वेदनेच्या तीव्रतेत दोन गटांत फरक नव्हता. वेदनेमुळे झोपेत येणारा अडथळा मात्र माहिती मिळालेल्यांत ०.९ गुणाने कमी होता. अतिदक्षता विभागातले तास थोडे घटले असावेत असा पुसट संकेत मिळाला, पण शस्त्रक्रियेनंतरचा एकूण मुक्काम तेवढाच राहिला. शिवाय अशा प्रयोगात एक अडचण कायमची असते. गोळीच्या प्रयोगात खोटी गोळी देता येते, ‘खोटं समजावणं’ देता येत नाही. आपल्याला काहीतरी जास्तीचं मिळालं हे रुग्णाला कळतंच, आणि उत्तरं देताना ते थोडंफार उतरतं.

इंग्लंडमध्ये का नाही?

लुओयांगच्या दहा वर्षं आधी, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्लंडमधला प्रयोग आकाराने दुपटीहून मोठा होता. बायपास ठरलेल्या ३५६ रुग्णांपैकी निम्म्यांना दाखल होण्याआधी एक दिवस बोलावून वेगवेगळ्या विषयांच्या तज्ज्ञांकडून माहिती दिली गेली. मेहनत लुओयांगपेक्षा कितीतरी जास्त. तरीही चिंता, वेदना, नैराश्य, एकूण स्वास्थ्य या सगळ्यांत दोन्ही गट सारखेच निघाले. उलट, शिकवणी मिळालेल्या गटाचा रुग्णालयातला मुक्काम थोडा जास्तच भरला.

उलगड्याचा धागा दुसऱ्या गटात सापडतो. इंग्लंडमध्ये ज्यांना हा जादा दिवस मिळाला नाही, त्यांनाही दाखल झाल्यावर नेहमीची माहिती दिली जातच होती. लुओयांगच्या संशोधकांनी निष्कर्षात शिफारस केली ती अशी : रुग्णाला आधी समजावून सांगणं नेहमीच्या कामकाजात सामावून घ्यावं. म्हणजे तोवर ते तिथे रुळलेलं नव्हतं. माझ्या मते कोडं इथे सुटतं. जिथे सांगण्याची रीतच नाही, तिथे एक पत्रक आणि थोडं बोलणं पुष्कळ काम करतं. जिथे आधीच बरंच सांगितलं जातं, तिथे त्यावर आणखी एक दिवस ओतून हाती फारसं लागत नाही. माहितीचा पहिला घोट मोलाचा असतो, दहावा नव्हे.

आपल्या रुग्णालयांपुढचा प्रश्न म्हणूनच सोपा होतो : आपण लुओयांगच्या जवळ आहोत की इंग्लंडच्या?

सगळ्यांची बेरीज

एकदोन प्रयोगांवरून निवाडा देऊ नये, म्हणून बेरजेकडे वळू. २०१६ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने पूर्ण भूल देऊन होणाऱ्या शस्त्रक्रियांआधीच्या मानसिक तयारीचा आढावा घेतला. १०५ अभ्यास, १०,३०२ रुग्ण. यात नुसती माहिती देणंच नव्हतं; श्वासाचे आणि अंग सैल सोडण्याचे व्यायाम, विचार बदलण्याची तंत्रं, भावनांविषयी बोलणं असं बरंच काही होतं.

चिंता, उदासी यांसारख्या नकोशा भावनांबाबत ३१ अभ्यासांत (२,४९६ रुग्ण) ०.३५ इतका ‘प्रमाणित फरक’ मिळाला, तर वेदनेबाबत ३८ अभ्यासांत (२,७१३ रुग्ण) ०.२०. हे आकडे कोरडे वाटतात, म्हणून उलगडून सांगतो. तयारी न करून घेतलेल्या शंभर जणांना त्रासाच्या क्रमाने उभं केलं, तर बरोबर मध्यावरच्या माणसापेक्षा कमी त्रासाचे ५० जण असतात. तयारी करून घेतलेल्या शंभरांपैकी त्याच माणसापेक्षा कमी त्रासाचे सुमारे ६४ निघतील. वेदनेच्या बाबतीत ५८. म्हणजे फायदा आहे, तो मध्यम आहे, आणि शंभरातल्या प्रत्येकाला होईलच असं नाही. कॉक्रेनने स्वतःच या पुराव्याचा दर्जा कमी ते फार कमी असा ठरवला, कारण अनेक अभ्यास लहान आणि ढिसाळ आखणीचे होते.

खुबा आणि गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियांचा आढावा (२०१४, १८ प्रयोग, १,४६३ रुग्ण) तर आणखी सावध करतो. खुबा बदललेल्यांत सहा आठवड्यांनी चिंता २.२८ गुणांनी कमी होती, ६० गुणांच्या पट्टीवर. पण मर्यादा ५.६८ गुणांच्या घटीपासून १.१२ गुणांच्या वाढीपर्यंत पसरलेली. शून्य मध्येच येतं, त्यामुळे फायदा झाला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. सहा आठवड्यांनी बहुतेकांची भीती आपोआप ओसरलेली असते, हेही आहे. समजावण्याचं खरं काम आदल्या रात्री आणि पुढच्या आठवड्यात असतं.

गोळी की बोलणं?

भीती घालवायची तर झोपेची गोळी का देऊ नये? ही तुलना फार पूर्वी झाली आहे आणि तिचे आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. १९६३ मध्ये बोस्टनच्या भूलतज्ज्ञांनी २१८ रुग्णांचे चार गट केले. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्याला शस्त्रक्रियेआधी पेन्टोबार्बिटल हे झोप आणणारं औषध. तिसऱ्या गटाला फक्त भूलतज्ज्ञाची आदल्या दिवशीची भेट. चौथ्याला भेटही आणि औषधही.

शस्त्रक्रियागृहात नेताना ‘मला अस्वस्थ वाटतंय’ असं म्हणणारे :
काहीच नाही – ५८ टक्के
फक्त औषध – ६१ टक्के
फक्त भेट – ४० टक्के
भेट आणि औषध – ३८ टक्के

पुरेसे शांत दिसणारे : अनुक्रमे ३५, ४८, ६५ आणि ७१ टक्के.

औषधाने गुंगी आली, पण अस्वस्थता हटली नाही. डोळे जड आणि जीव धास्तावलेला, अशी अवस्था. भेटीने अस्वस्थता अठरा टक्क्यांनी उतरली, आणि त्या भेटीवर औषधाची भर घालून आणखी दोनच टक्के उतरली.

पुढच्याच वर्षी त्याच गटाने ९७ रुग्णांवर दुसरा प्रयोग केला. पोटाची शस्त्रक्रिया होणार होती. ४६ जणांना आधीच सांगितलं की दुखणार आहे, कुठे दुखेल, किती दिवस दुखेल. पोटाचे स्नायू आवळले जातात म्हणून दुखतं. खोल श्वास घेऊन ते सैल कसे सोडायचे. कूस बदलताना पोटावर जोर न देता हातांचा आधार कसा घ्यायचा. ५१ जणांना यातलं काही सांगितलं नाही. कोण कुठल्या गटात हे शल्यविशारदांना ठाऊक नव्हतं. सांगितलेल्यांना वेदनाशामक मॉर्फिनवर्गीय औषध जवळपास निम्मं लागलं आणि त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं गेलं. त्या काळी मुक्काम लांबलचक असत, त्यामुळे आज इतके दिवस वाचायला वावच नाही. पण निम्म्या औषधाचा आकडा सहजी विसरता येत नाही.

२०१५ मध्ये फ्रान्समधल्या पाच रुग्णालयांत हजाराहून अधिक रुग्णांवर पुन्हा गोळीची परीक्षा झाली, या वेळी लोराझेपाम २.५ मिलिग्रॅम. समाधानाचे गुण शंभरापैकी : गोळीवाल्यांचे ७२, गोळी न घेणाऱ्यांचे ७३, खोटी गोळी घेणाऱ्यांचे ७१. फरक शून्य म्हणावा इतका. किंमत मात्र मोजावी लागली. श्वासनळीतली नळी काढायला गोळीवाल्यांना १७ मिनिटं लागली, गोळी न घेतलेल्यांना १२. शस्त्रक्रियेनंतर ४० मिनिटांनी डोकं पूर्ववत चालू लागलेले गोळीवाल्यांत ५१ टक्के, गोळी न घेतलेल्यांत ७१ टक्के. ज्याला खरोखर गरज आहे त्याला भूलतज्ज्ञ गोळी देतीलच. पण सगळ्यांना सरसकट गोळी हा बोलण्याला पर्याय नाही, हे ५२ वर्षांच्या अंतराने दोनदा दिसलं.

संगीताचाही हिशेब झाला आहे. २६ प्रयोग आणि २,०५१ रुग्णांच्या आढाव्यात (२०१३) शस्त्रक्रियेआधी गाणी ऐकवल्याने चिंता सरासरी ५.७२ गुणांनी उतरली, २० ते ८० च्या पट्टीवर. स्वस्त उपायांना हसू नये.

सांगायचं काय, आणि किती?

माहिती दोन प्रकारची असते. एक क्रमाची : आधी हे होईल, मग ते होईल. दुसरी जाणिवेची : तेव्हा तुम्हाला काय दिसेल, ऐकू येईल, कसं वाटेल. १९८९ मध्ये अशा अभ्यासांचं विश्लेषण झालं, तेव्हा दोन्ही एकत्र दिलेली माहिती सर्वांत खात्रीने उपयोगी पडते असं निघालं. आपल्याकडे मिळाली तर पहिली मिळते, दुसरी जवळपास कधीच नाही. बायपासच्या रुग्णाला सिस्टर सांगते, ‘काका, ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवर ठेवणार.’ काकांच्या मनात व्हेंटिलेटर म्हणजे शेवटची घटका. कारण शेजारपाजारच्यांच्या बाबतीत हा शब्द त्यांनी तेव्हाच ऐकलेला असतो. तीच सिस्टर असंही सांगू शकते :

‘काका, उद्या जाग येईल तेव्हा तोंडात नळी असेल. तुम्हाला बोलता येणार नाही. आवाज गेला असं समजू नका, नळी काढली की तो परत येतो. हात सैलसे बांधलेले वाटतील, झोपेत नळी ओढू नये म्हणून. यंत्राचे आवाज सारखे येतील. प्रत्येक आवाज म्हणजे काही बिघडलंय असं नसतं. काही हवं असेल तर बोटांनी खूण करा, मी किंवा दुसरी सिस्टर शेजारीच असू. आणि खोकताना ही उशी छातीशी घट्ट धरायची. आत्ता एकदा करून दाखवा बघू.’

एवढं बोलायला दीड मिनिट लागतं. यात क्रम आहे, जाणीव आहे, आणि काकांच्या हातात काहीतरी करायला दिलंय. बोस्टनच्या ४६ जणांना मिळालं होतं ते साधारण असंच.

मनातल्या दोन मोठ्या भीतींवर तर नेमके आकडेच देता येतात. पहिली : ‘भुलीतून उठलोच नाही तर?’ ८७ अभ्यास आणि २ कोटी १४ लाख भुलींच्या आढाव्यानुसार (२०१२) निव्वळ भुलीमुळे होणारे मृत्यू १९७० पूर्वी दर दहा लाखांत ३५७ होते. १९९० नंतरच्या काळात ते ३४ वर आले. म्हणजे सुमारे २९ हजारांत एक. गरीब देशांत धोका याहून जास्त आहे आणि प्रत्येक रुग्णाची प्रकृती वेगळी, हेही त्याच दमात सांगायला हवं. दुसरी : ‘मध्येच जाग आली तर?’ ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या देशव्यापी पाहणीत (२०१४) पूर्ण भुलीत अशी जाग आल्याची नोंद सुमारे १९ हजारांत एक निघाली.

पण सगळ्यांना सगळं सांगणं हेही औषध नव्हे. १९८३ मध्ये तपासणीसाठी आलेल्या ४० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दोन स्वभाव दिसले. काहींना बारीकसारीक माहिती हवी असते, ती मिळाली की त्या शांत होतात. काहींना लक्ष दुसरीकडे वळवून बसायचं असतं. त्यांच्यावर माहितीचा मारा केला की धडधड वाढते. म्हणूनच अ‍ॅमस्टरडॅमच्या सहा प्रश्नांपैकी दोन ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचंय’ याचे आहेत. आधी विचारा, मग सांगा.

आणि सांगितलेलं राहतं किती? वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के लगेच विसरली जाते, आणि जे आठवतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं असतं, असं २००३ च्या एका लेखात मांडलं आहे. जितकं जास्त सांगाल, तितकं जास्त निसटतं. म्हणून कागद हवा, आणि ‘समजलं ना?’ असं विचारण्याऐवजी ‘आता मला सांगा, उद्या सकाळी काय करायचं नाही?’ असं विचारायला हवं. पहिल्या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’च येतं.

आपल्याकडचा हिशेब

आता पुन्हा तो प्रश्न : लुओयांग की इंग्लंड? २०१७ मध्ये ६७ देशांतल्या प्राथमिक तपासणीच्या वेळेचा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर रुग्णाला साडेबावीस मिनिटं देतात. भारतात सव्वादोन मिनिटांच्या आसपास. हा आकडा ओपीडीचा आहे, शस्त्रक्रियेचा नाही. पण आपली सवय त्यावरून कळते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी आपल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात जे घडतं, ते अनेक घरांनी पाहिलं आहे. फॉर्म येतो, बहुधा इंग्रजी. ‘इथे, इथे आणि इथे सही करा.’ मुलगा विचारतो, ‘काय लिहिलंय?’ उत्तर येतं, ‘रुटीन आहे.’ जोखमीबद्दल जे काही बोलायचं ते बाहेर व्हरांड्यात, नातेवाइकांशी. रुग्णाला एकच सूचना मिळते : रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही. का नाही, हे सांगितलं जात नाही. भुलीत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं म्हणून, हे कळलं तर पहाटे कुणी ‘घोटभर चहाने काय होतं’ म्हणून पाजणार नाही. निरोगी प्रौढांना साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. कुणाला किती, ते भूलतज्ज्ञाने ठरवायचं. पण ते विचारायचं तर भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटायला हवा.

कायदा या बाबतीत व्यवहाराच्या पुढे आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ ला निकाल दिला. रुग्ण भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोष काढले गेले होते; ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. शस्त्रक्रिया कशासाठी, फायदा काय, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि नाही केली तर काय होईल, हे सज्ञान रुग्णाला स्वतःला सांगायला हवं. नातेवाइकाला सांगितलं म्हणजे रुग्णाला सांगितलं, असं होत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेतही माहितीचा आणि समजून दिलेल्या संमतीचा हक्क आहे.

तेव्हा उत्तर स्पष्ट आहे. आपण लुओयांगच्या जवळ आहोत, आणि ही एका अर्थी चांगली बातमी आहे, कारण पहिल्या घोटाचा फायदा आपल्याला अजून घ्यायचाच आहे. त्याला किती वेळ लागेल, याचा हिशेब मांडू. दिवसाला दहा नियोजित शस्त्रक्रिया होणारं रुग्णालय धरा. प्रत्येक रुग्णापाशी सिस्टर वीस मिनिटं बसली, तर २०० मिनिटं. म्हणजे तीन तास वीस मिनिटं. आठ तासांच्या पाळीचा निम्माही भाग नाही. वॉर्डात आधीच एका सिस्टरवर दहाजणांची जबाबदारी टाकून हे काम तिच्याच डोक्यावर आणखी लादलं, तर ते चार दिवस चालेल आणि बंद पडेल. त्यासाठी अर्धी नेमणूक वेगळी हवी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत कागदपत्रांसाठी आरोग्यमित्र असतो. ‘पैसे भरावे लागतील का’ ही भीती तो घालवू शकतो, आणि अनेकांच्या बाबतीत ती भुलीच्या भीतीइतकीच मोठी असते. शरीराचं काय होणार, हे सांगणारा तसा कुणी नेमलेला नाही.

फायदा होतोय की नाही, हेही लगेच मोजता येईल. ते सहा प्रश्न मराठीत नीट तपासून घ्यायचे, रुग्ण दाखल झाल्यावर विचारायचे आणि समजावून झाल्यावर रात्री पुन्हा विचारायचे. भीतीचे गुण ४ ते २० असतात. ११ किंवा त्यावर असलेल्यांची नावं भूलतज्ज्ञाकडे पाठवायची, आणि ज्यांना चिंतेपेक्षा उदासीच जास्त दिसते त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे, कारण पत्रकाची धाव तिथे कमी पडते हे लुओयांगनेच दाखवलं आहे. तीन महिन्यांत दाखल होतानाचे आणि रात्रीचे आकडे समोरासमोर ठेवले की आपल्या रुग्णालयाला आपला स्वतःचा फरक मिळेल. तो ३.६ इतका आला नाही तरी चालेल. शून्य आला, तर आपण काय सांगतोय आणि कसं सांगतोय हे तपासायचं.